बाजाराच्या दिवशीची गोळी

रिसोडचा बाजार
९ नोव्हेंबर २०२४

नमरा बेटा,

तुह्या अब्बाच्या बांगड्याच्या दुकानाबाजूनं माह्या पोत्यावर बसून लिवून राह्यली. गिऱ्हाईक नाई. सांबाराच्या जुड्या सुकून चालल्या अन् बाया भाव इचारून पुढं जातात. वहाबभाऊले म्हनलं, तुमच्या पोरीचा नागपूरचा पत्ता लिवून द्या. त्याईनं काई इचारलं नाई, बांगड्याच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्याच्यावर लिवून देल्ला.

तू म्हनशील मावशीनं फोन काहून नाई केला. आमच्या घरी मोठा फोन एकच, थो हर्षलजोळ. पोटचा पोरगा हाये, पन त्याची खोड अशी का कोनाचाबी फोन आला का थो स्पीकर लावते. केनवडातलं अर्धं गाव ऐकते. अन् हे त्याले कळू द्याचं नाई.

माह्या बोटाईचे सांधे सुजतात. सकाऊन मेथीची जुडी बांधाले गेली का बोट वळत नाई. ऊन चढल्यावर वळते. सहा महिने अंगावर काढलं. मंग हर्षलले सांगतलं का माहेरी जातो, अन् आमच्या मालकाले, तुह्या पुंजाजीकाकाले, घेऊन गेली अकोल्याले, सांध्याच्या डाक्टरकडे. डाक्टर हुशार असन. पन सारं बोलनं त्यानं कागदासंग केलं, माह्यासंग नाई. मी इचारलं, काय झालं मले? थो म्हने, लिवलं हाये. काकाईनं इचारलं, बरं होईन का? थो म्हने, लिवलं हाये. आता लिवलं थे इंग्रजीत. मी सातवी शिकली म्हनून काय झालं, माह्या दुखन्याचा कागद माह्या हातात अन् मलेच वाचता येत नाई. एवढा संताप आला नमरा, का बस स्टँडावर बसून रडू आलं.

त्याचं झेरॉक्स पाठवून राह्यली. जे कळलं नाई त्याले पेनानं गोल केला अन् नंबर टाकले. एक नंबर काकाईनं अकोल्याच्या कंपाउंडरकडून वाचून घेतला. थो म्हने इथं 'कंप्लेंट' लिवलं हाये. मी कोनाची तक्रार केली? अन् दोन नंबरले म्हने 'नाकारते' असं लिवलं. मी काय नाकारलं? अन् 'क्रॉनिक' म्हनजे लय वाईट असते का? अन् पिवळ्या गोळीपुढं काय लिवलं थे नीट सांग. आमच्या मेडिकलवाल्या जगदेवले इचारलं तर म्हने कागदावर हाये तसं घ्या. तुह्या कागदाची वाट पाह्यतो, तवर गोळी चालू करत नाई.

हर्षलले कळलं तर थो माह्ये बाजार बंद करन. मागंच म्हनला होता, आता कायले फिरते. पस्तीस वर्सं झाले, हप्त्याचे पाच बाजार. केनवड, रिसोड, मालेगाव, शिरपूर, किन्हीराजा. घरी बसली तर मी भिताडाकडे पाहू का? बाजारात मले लोकं नावानं ओळखतात. घरी मी निसती माय हाये. एवढं ध्यानात ठेव.

जवाब अब्बाच्या दुकानाच्या पत्त्यावर टाक, घरी नको.

तुही मावशी
हौसाबाई

———

नागपूर, नर्सिंग हॉस्टेल
१५ नोव्हेंबर २०२४

मावशी,

हॉस्टेलच्या बाईंनी तुझं पत्र दोनदा उलटंसुलटं करून पाहिलं. म्हणाल्या, पत्र? आजकाल? मी म्हटलं, माझ्या मावशीचं आहे.

वाचलं आणि माझंच डोकं फिरलं. रोज वॉर्डात हेच पाहते. राउंड येतो, पेशंटच्या उशाशी उभे राहून डॉक्टर लोक पाच मिनिटं त्याच्याबद्दल बोलतात आणि निघून जातात. मग तो म्हातारा माझा हात धरतो, सिस्टर, काय म्हणाले? आणि मला पुढच्या खाटेवर सलाईन लावायचं असतं. तीन वर्षं मी हे शब्द पाठ करतेय आणि कधीकधी वाटतं, हे शब्द पेशंटला कळू नयेत म्हणूनच बनवलेत.

ऐक. एक नंबर. तू कोणाची तक्रार केलेली नाहीस. तुला जे जे होतंय असं तू सांगितलंस, त्यालाच हे लोक 'कंप्लेंट' म्हणतात. दोन नंबर. 'डिनाइज फीवर' लिहिलंय. म्हणजे ताप येतो का विचारलं, तू नाही म्हणालीस. तू खोटं बोललीस असं त्यात कुठंच नाही. आपल्याला तो शब्द कोर्टातला वाटतो, त्यांना तो रोजचा आहे.

'क्रॉनिक' म्हणजे भयंकर नव्हे. क्रॉनिक म्हणजे जुनं, बरेच दिवस चालणारं. आणि खाली 'अ‍ॅक्यूट' आहे तो म्हणजे मोठा नव्हे, अचानक आलेला. हे दोन शब्द तर शिकलेली माणसंही उलटे समजतात. तुझ्या कागदाचा अर्थ एवढाच, की सांध्यांचं दुखणं जुनं आहे आणि मधूनच त्याची उचल होते.

आजाराचं नाव 'ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस'. आपल्या अंगात बाहेरच्या रोगाशी लढायला जी राखण असते, ती चुकून आपल्याच सांध्यांना चोर समजते. म्हणून सूज. तू काही खाल्लंस म्हणून नाही, थंड पाण्यात हात घातलास म्हणूनही नाही. पूर्ण जाईल असं नाही, पण औषधानं धरून ठेवता येतं. मेथीच्या जुड्या बांधशील.

आता गोळ्या. 'एसओएस' लिहिलीय ती दुखण्याची. खूपच दुखलं तर घे, नाहीतर हातही लावू नको. पिवळी गोळी मुख्य. ती रोज घ्यायची नाही, हे पक्कं लक्षात ठेव. पुस्तकी भाषा सोडते, तुझ्या भाषेत सांगते. पिवळी गोळी बाजाराच्या दिवशी घ्यायची, जेवण करून. बाजार नसेल त्या दिवशी दुसरी, फोलिक अ‍ॅसिडची लहान गोळी. झालं. वॉर्डातल्या खेड्यावरच्या पेशंटना मी असंच सांगते आणि सगळ्यांना पटकन समजतं. आमच्या मॅडम म्हणतात, नमराला समजावता येतं.

रक्त तपासायला महिन्यानं बोलावलंय, ते चुकवू नकोस. हर्षलदादाला मी काही सांगणार नाही. अम्मीनं विचारलं तर सांग, नमरा नीट जेवते. खोटं सांगितलंस तरी चालेल.

तुझी
नमरा

———

मालेगावचा बाजार
४ डिसेंबर २०२४

नमरा बेटा,

तुह्या अब्बानं तुह्यं पत्र बांगड्याच्या खोक्याखाली लपवून आनलं अन् मले देल्लं, जसा काई मी पोलिसाची खबरी हाये. हसाले आलं.

पत्र तीनदा वाचलं. जिंदगीत पह्यल्यांदा कोनी मले दुखनं समजंल असं सांगतलं. गोळीचा मजकूर कापला अन् गोळ्याच्या डब्याच्या झाकनाले आतून चिकटवला. आता बाजाराची गोळी बाजारात अन् घरची गोळी घरी. बाजारात तुह्या अब्बाच्या लोट्यातलं पानी पेतो अन् गोळी घेतो. वहाबभाऊ इचारतात कायची गोळी, मी म्हनतो ताकदीची. त्याईनं एक दिस म्हनलं, मलेबी द्या.

बोटं थोडीशी हलकी झाली. पन पिवळ्या गोळ्या लय लौकर संपतात बाप्पा. डाक्टरनं देल्लेल्या आठ दोन हप्त्यातच उडाल्या. जगदेवकडे गेली, त्यानं काई न इचारता गोळ्याचा पत्ता काढून देल्ला. त्याच्या दुकानात गर्दी होती.

दुसरं असं का माह्यं तोंड आलं. जिभेवर, गालाच्या आतून, सारीकडे. ठेचा तर सोडा, वरनाचा घोटबी झोंबते. बाजारात ओरडता येत नाई, निसती बसून राह्यतो, अन् शेजारची माह्यं गिऱ्हाईक नेते. गावातल्या डाक्टरले दाखवलं. त्यानंबी इंग्रजीत लिवलं. मी म्हनलं, तुमी तर आपल्यातले, मराठीत सांगा. थो म्हने, काकू, तोंड आलं हाये. अरे बापा, थे तर मीच तुले सांगतलं. याच्यासाठी दवाखान्यात आली का मी?

त्याचा कागद पाठवतो. तीन गोल केले. 'अ‍ॅफ्थस' का काय हाये थे पाह्य. अन् खाली 'सीबीसी' लिवून त्याच्याखाली रेघ मारली, थे कायले? जवाब लौकर दे.

मावशी

———

नागपूर
१० डिसेंबर २०२४

मावशी,

परीक्षा डोक्यावर आहे, रात्रपाळी करून आलेय, म्हणून थोडक्यात लिहिते. रागावू नकोस.

एक, 'अ‍ॅफ्थस अल्सर्स'. तोंड आलंय, एवढंच. नाव लांब, गोष्ट तीच. दोन, 'बी कॉम्प्लेक्स' जीवनसत्त्वाच्या गोळ्या आहेत, घे. सांध्यांच्या औषधानं कधीकधी तोंड येतं, पुस्तकात आहे, घाबरू नको. तीन, 'सीबीसी' म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. तसंही महिन्याची तपासणी राहिलीच आहे ना? आजच जा असं नाही, पण सवड काढून कर.

आणि मावशी, दर पत्रात नवीन डॉक्टर आणि नवीन कागद नको करूस. एकाच्याच मागे राहा.

नमरा

———

केनवड
८ जानेवारी २०२५

नमरा,

तुह्या अब्बानं तुले फोनवर सांगतलंच असन का मावशी अकोल्यात भरती होती. बारा दिस होती. आता घरी आली.

सवड काढून कर, असं तू लिवलं होतं. सवड काढाची गरजच पडली नाई. किन्हीराजाच्या बाजारात चक्कर येऊन पडली. तोंडातून रक्त, अंगात ताप, घशाखाली पानी उतरेना. वहाबभाऊनं दुकान उघडं टाकून मले गाडीत घातलं अन् हर्षलले फोन केला. म्हनजे ज्याले कळू द्याचं नव्हतं, त्याले अशा रीतीनं कळलं.

अकोल्यात पह्यल्याच दिवशी एक डाक्टरीनबाई आली. रिकामे पत्ते पाह्यले, बोटानं मोजले. मले म्हने, आजी, ही गोळी हप्त्यातून एकदा घ्याची असते. तुमाले रोज घ्याले कोनी सांगतलं? हर्षल बाजूनं उभा होता. काका उभे होते. मी म्हनली, मलेच तसं समजलं. तिनं मान हालवली अन् लिवलं. मंग तीन दिस उताऱ्याचे इंजेक्शन देल्ले, दोन बाटल्या रक्त चढवलं. केस गेले बरेचसे. पदर असतो म्हना डोक्यावर.

आता इथली हालत सांगतो. हर्षल जगदेवच्या मांगं लागला. त्यानं न इचारता पत्ता देल्ला, त्यानंच मायले मारलं असतं म्हने. कंप्लेंट करतो, दुकानाचं लायसन घालवतो म्हने. काल चौकात त्याची कॉलर धरली. जगदेवची बायको माह्याजोळ येऊन रडून गेली. मी तोंडातून सबद काढला नाई.

तुह्या पत्रातला थो तुकडा झाकनाचा सोलून काढला. डब्याचं झाकन चुलीत घातलं, तुकडा नाई घातला. तांदळाच्या कोठीत सारी पत्रं हायेत, तथीच ठुला. कोनाले सापडनार नाई.

दवाखान्यातून सुट्टीचा कागद भेटला, त्याचं झेरॉक्स पाठवतो. हर्षल म्हने आता तुले कायले पाह्यजे अर्थ? मी म्हनली, मले पाह्यजे. चार गोल केले. चौथा मोठा केला, कारन थे लिवतानी डाक्टरीनबाईनं मह्याकडं असं पाह्यलं का जसं मी खोटं बोलून राह्यली. त्याचा अर्थ मले खरा सांग. गोड करून सांगू नको.

हौसाबाई

———

नागपूर
१४ जानेवारी २०२५

मावशी,

चारही शब्दांचे अर्थ सांगते. आधी ते सांगते, कारण तू ते विचारलेस, आणि यावेळी तू जे विचारलंस ते आधी.

एक, 'पॅनसायटोपेनिया'. रक्तात तीन प्रकारच्या पेशी असतात. एक ताकद देते, एक रोगाशी लढते, एक रक्त थांबवते. तिन्हींची एकदम टंचाई झाली. म्हणून चक्कर, म्हणून ताप, म्हणून तोंडातून रक्त. दोन, 'म्युकोसायटिस'. तोंडापासून आतड्यापर्यंतचं अस्तर सोललं गेलं. मी ज्याला 'तोंड आलंय, एवढंच' म्हटलं होतं, ते हेच होतं. तीन, 'नॉन-कम्प्लायंट'. सांगितलं तसं औषध न घेणारा पेशंट. चार, 'पुअर हिस्टोरियन'. आपल्या आजाराची हकीकत ज्याला नीट सांगता येत नाही असा पेशंट.

तीन आणि चार दोन्ही खोटे आहेत. तुला सांगितलं होतं तसंच, शब्दाला धरून, एक दिवस न चुकता तू औषध घेतलंस. आणि तुझी हकीकत तर तू मला पत्रातून सगळी लिहिली होतीस. आठ गोळ्या दोन हप्त्यांत संपल्या हे लिहिलं होतंस. बाजाराची गोळी बाजारात, अब्बांच्या लोट्यातल्या पाण्यानं, हेही लिहिलं होतंस. मी ते वाचलं, मावशी. पण हातात तुझं झेरॉक्स होतं आणि मी फक्त गोल पाहत होते. एक, दोन, तीन. गोलाबाहेरचं मी पाहिलंच नाही. ज्या डॉक्टरवर मी पानभर चिडले, त्यानं पाच मिनिटं केलं ते मी दोन महिने केलं.

अब्बांनी फोनवर 'रक्त कमी झालंय' एवढंच सांगितलं होतं. मी त्यांना म्हटलं, बीट खायला द्या. बीट! लिहितानाही लाज वाटते.

कागदावर 'वीकली' होतं. हप्त्यातून एकदा, इतकं सोपं ते वाक्य होतं. ते जसंच्या तसं लिहिलं असतं तर तू कधीच चुकली नसतीस. पण मला शहाणपणा दाखवायचा होता. खेड्यातल्या माणसाला बाजाराचा दिवस कळतो, हे मी इथं शिकले. आणि शिकले कोणाकडून, तर नागपूरच्या मॅडमकडून. माझा बाप पाच बाजार करतो. सुट्टी लागली की मी तुझ्या पोत्यावर बसून अभ्यास करायचे, आज केनवड तर उद्या मालेगाव. तू पहिल्याच पत्रात पाचही नावं लिहिली होतीस. तरी मला सुचलं नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडून लेखी घेतलं, पुढं काय होईल ते होईल. वॉर्डातून सुट्टी झालेल्या तिघांना मी हप्त्याच्या औषधाचं असंच सांगितलं होतं. तिघांना फोन लावून विचारलं, तुमचा बाजार कितीदा असतो? दोघांचा एकदाच. तिसरा पोहरादेवीकडचा सोमला, तो बकऱ्या घेऊन बाजारोबाजार फिरतो. त्यानं औषध अजून उघडलंच नव्हतं, म्हणून वाचला. म्हणजे मी वाचवलं नाही, त्याच्या आळसानं वाचवलं.

आता जगदेवभाऊ. त्यांनी न विचारता पत्ता दिला ही त्यांची चूक, ती त्यांच्याजवळ राहू दे. पण माझी चूक त्यांच्या गळ्यात घालता येणार नाही. तू गप्प राहिलीस ते माझ्यासाठी, हे मला कळतं. पण तुझ्या कागदावर जन्मभर 'पुअर हिस्टोरियन' राहणार आणि पुढचा प्रत्येक डॉक्टर तो वाचून तुझं बोलणं अर्धंच ऐकणार, ते मला चालणार नाही. म्हणून या पाकिटात नाही, वेगळ्या पाकिटात, तुमच्या घरच्या पत्त्यावर, हर्षलदादाच्या नावानं मी पत्र टाकलंय. सगळं लिहिलंय. तांदळाच्या कोठीतला तुकडा त्याला दे.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. तू शिव्या घातल्यास तर बरं वाटेल.

नमरा

———

केनवड
२ फेब्रुवारी २०२५

नमरा,

तू म्हनली म्हनून देतो शिव्या.

तुले राग येईन असं मी आजवर काई बोलली नाई, पन आज बोलतो. मले गोळीचा राग नाई. मानूस चुकते. मी एकदा अंधारात सांबाराच्या वाफ्यावर तणाचं औषध मारलं होतं, तुह्या काकाईनं महिनाभर आठवन करून देल्ली. माहा राग येगळा हाये. तू चालाले शिकली थे माह्या पोत्यावर. लसनाच्या पाकळ्या मांडून मोजाले शिकली. पाच बाजाराचा चिखल तुह्या फ्रॉकाले लागला अन् मी थो धुतला. अन् तीन वर्सं नागपुरात राह्यली तर तुले वाटलं, बाजार हप्त्यातून एकदाच भरते. हे मले लय लागलं. तोंडातल्या फोडाहून जास्त लागलं. बस. हे सांगतलं, आता पुन्हा नाई सांगनार.

तुह्यं पत्र हर्षलले भेटलं. त्यानं अंगनात उभं राहून मोठ्यानं वाचलं, त्याची खोडच तशी. वाचता वाचता आवाज खाली आला. मंग मले म्हने, माय, तुले ठाऊक होतं? मी म्हनली, हो. म्हने, मंग मले जगदेवची कॉलर काहून धरू देल्ली? आता इचार करतो तर वाटते, मी तुले वाचवाले गेली अन् दुसऱ्याचं लेकरू पुढं केलं. थेबी बरं नाई केलं.

दुसऱ्या दिशी रिसोडचा बाजार होता. हर्षल तुह्यं पत्र खिशात घालून गेला, तुह्या अब्बाले भांडाले. मी काकाईले मांगून पाठवलं, पन त्याईच्या पायात काय जोर. सांजेले दोघं आले अन् संगं वहाबभाऊ अन् तुही अम्मी लतीफाभाबी. हर्षलनं मले मांगून सांगतलं. थो गेला तवा माह्या जागेवर माह्यंच पोतं हातरलेलं होतं अन् त्याच्यावर दोन दगड ठुले होते. एक भाजीवाली तथी बसाले पाहे अन् वहाबभाऊ तिले उठवून राह्यले होते, हे हौसाबाईची जागा हाये, थे येनार हाये. म्हने महिनाभरापासून पाचही बाजारात हेच चालू हाये. सकाऊन आधी माह्यं पोतं हातरतात, मंग सोताचं दुकान लावतात. हर्षलले भांडता आलं नाई. त्यानं निसतं पत्र काढून त्याईच्या हातात देल्लं. वहाबभाऊनं वाचलं अन् भर बाजारात दुकान आवरलं.

आमच्या अंगनात बसून लतीफाभाबी रडत होत्या. वहाबभाऊ म्हनले, माह्याच लोट्यातलं पानी होतं, भाभी, माह्याच डोळ्यासमोर घेतली. मी म्हनली, तुमी मांगतली तवा तुमाले एक देल्ली असती तर दोघंबी संगंच भरती झालो असतो. त्याईले हसू आलं नाई. चहा घेतला.

जगदेवकडे हर्षल गेला. माफी मांगतली का नाई थे मले ठाऊक नाई, पन आता जगदेव रस्त्यानं जातानी मान खाली घालत नाई. तुहा थो तुकडा अन् तुह्यं पत्र घेऊन आमी अकोल्याले गेलो. त्या डाक्टरीनबाईले मी म्हनली, बाई, माह्यी हकीकत आता पुरी लिवून घ्या, मी सांगतो तशी. तिनं वाचलं. लय वेळ वाचलं. मंग तिसऱ्या अन् चौथ्या गोलातलं खोडून तिथं काईतरी लिवलं अन् सही केली. काय लिवलं थे तिनं सोता मराठीत सांगतलं: पेशंटला दिलेली सूचना चुकीची होती, पेशंटने ती बरोबर पाळली. थो कागद मी घडी करून ठुला.

पिवळी गोळी बंद केली. दुसरी देल्ली, तिच्यापुढं 'ओडी' लिवलं हाये. मी तथीच बसून म्हनली, कागदासंग नाई, मह्यासंग बोला. तिनं सांगतलं, रोज एक, सकाऊन जेवल्यावर, बाजार असो का नसो. तवा या खेपेले झेरॉक्स पाठवत नाई. तुले तथी ठुलं का काढून टाकलं थे मात्र लिव. काढून टाकलं असन तर माह्या नावानं त्या मॅडमले पत्र लिवतो, मले लिवता येते.

आता राह्यला माहा बाजार. हर्षल म्हने, बंद. मी म्हनली, पाच. दोन दिस घासाघीस चालली. मी चारवर आली, तीनवर आली, काकाईले मधी घातलं, दोनवर आली. पस्तीस वर्सं भाव करून राह्यली, पन पोटच्या पोरासमोर भाव टिकला नाई. एक म्हने. निसता रिसोडचा, अन् थेबी थो टेम्पोनं नेईन अन् टेम्पोनं आनीन. मी हो म्हनली. बोटं अजून पुरी वळत नाईत, केस नाईत, भांडाले अंगात जोर नाई.

काल पह्यल्यांदा गेली. पोत्यावरचे दगड वहाबभाऊनं उचलले अन् मी बसली. बाया म्हने, हौसाबाई, कुठं होत्या? दोन वाजेलोक सारी मेथी खपली. उद्या शिरपूरचा बाजार हाये, मी घरी हाये.

तवा आता तुह्यं लिवलेलं बरोबर झालं, पोरी. माहा बाजार हप्त्यातून एकदाच भरते.

तुही मावशी
हौसाबाई